आठ पायल्यांचा आवाज

गाडीत बसवलेला स्पीकर कसा वाजतो ते ऐकायला माणसं गाडीत बसतात. बाळाराम नाना गाडीतून उतरायचे. दार लावून घ्यायचे, चपला काढायच्या, गाडीमागं चार पावलांवर अनवाणी उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. आत ढोलाची कॅसेट सुरू झाली की त्यांच्या पायाची बोटं जमीन घट्ट धरायची. आवाज बरोबर असला तर हळूहळू बोटं सैल व्हायची. नसला तर नाना एकच शब्द बोलायचे.

"खोल."

म्हणजे पेटी उघड, पहिल्यापासून बघ. त्या एका शब्दाला मी जेवढा भ्यालो तेवढा सातवीच्या गणिताच्या मास्तरालाही भ्यालो नव्हतो. आणि त्या मास्तराच्या भीतीनंच माझी शाळा सुटली, बघा.

नानांचा डावा कान गेलेला होता. ते अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे. शेत कारखान्यांत गेलं, त्याच्या बदल्यात एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर नोकरी मिळाली. पंधरा वर्षं ते मशीन कानाशी आदळत होतं. "शेत दिला, कान दिला, आता कंपनीला द्यायला माझ्याकरं फक्त दात हायेत, तेबी हालतायत," असं ते हसत हसत सांगायचे. उजव्या कानानं माणसांचं बोलणं ऐकायचं आणि स्पीकरचं बोलणं तळपायानं, अशी त्यांनी वाटणीच करून टाकली होती. "कान लबाड रं. त्याला गोड लागला की खरा वाटतो. पायाला गोडकडू काय कलत नाय."

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात लच्छूसेठचं गाड्यांच्या टेपचं दुकान होतं. नव्वदचं दशक निम्मं सरत आलं होतं आणि गाडीत नुसता टेप असून भागत नव्हतं, मागं धडधडणारा सबवूफर पाहिजे होता. स्पीकर बाहेरून यायचे, पेटी इथं बनायची. नाना तिथलेच जुने कारागीर, त्यांच्या हाताखाली पेट्या बनवायला सेठनं मला ठेवलं. मी परभणीकडचा, घराणं सुतारांचं, वय सव्वीस. त्याआधी उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांकडची दोन कामं हातची गेली होती. बायको सुमन आणि दोन वर्षांची पोरगी गावाकडं सासऱ्यांच्या घरी. सेठनं पहिल्याच दिवशी गल्ल्यावरची अगरबत्ती फिरवत सांगून टाकलं, "देख साईं, तीन महीने देखूँगा. जम गया तो पक्का, बेलवली में मेरा एक कमरा खाली पड़ा है, बीवी-बच्ची को ले आ. नहीं जमा तो तेरा गाँव अच्छा, मेरा दुकान अच्छा."

म्हणून मी रोज उठून आधी दिवस मोजायचो आणि मग दात घासायचो.

नानांनी मला पहिल्यांदा विचारलं, "तू कंचा रं?"

"परभणीकडचा."

"म्हंजे घाटी." त्यांनी माझी करवत उचलून दात बोटानं बघितले. "करवत चांगली ठेवतंस. जेवलास?"

मी हो म्हटलं. खोटं होतं. त्यांनी डब्यातली अर्धी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्यापुढं सरकवली आणि पाठ फिरवून बसले. माणूस खोटं बोलला की त्याच्याकडं बघायचं नाही, ही त्यांची रीत.

स्पीकरच्या धंद्यात तेव्हा एकच अक्कल चालायची, पेटी मोठी तर आवाज मोठा. एकदा अंबरनाथचा एक तरणा गडी लाल मारुती घेऊन आला. दहा इंची वूफर बगलेत. म्हणाला, "नाना, पूरी डिकी भर दो. पेटी एवढी पायजे की स्टेपनी पण बाहेर."

नाना म्हणाले, "बस हितं."

दुकानात दोन पेट्या होत्या, फक्त दाखवायला. एक लग्नातल्या ट्रंकेएवढी, दुसरी तिच्या निम्म्याहून लहान. नानांनी त्याचाच वूफर आधी मोठीत लावला. वाजला. पण कसा, तर ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा. भप्प, भप्प. गडी खूश. "देखा? क्या आवाज!" नानांनी काही न बोलता तोच वूफर काढून लहान पेटीत आवळला, तीच कॅसेट, आवाजाचं बटण त्याच खुणेवर.

धप्!

माझ्या हातातली पटाशी खाली पडली! समोरच्या दुकानात पापडाच्या थप्प्या होत्या, त्या सरसर थरारल्या. पापडवाली बाई ओरडली, "अरे लच्छू, चरियो थियो आहीं छा?" म्हणजे वेडा झालास का. लाल मारुतीवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच. माझ्या छातीत कुणीतरी आतून दार ठोठावल्यासारखं झालं होतं. लाकडाच्या खोक्यातून हे निघतं? मी आयुष्यभर खोकी बनवत आलो, पण खोक्यात काही नसतं तेव्हाच त्याचं काम सुरू होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आवाज स्पीकरचा नसतो रं," नाना म्हणाले, "पोटाचा असतो. यो कागद पुढंमागं हालतो, त्याला पाठीमागनं हवेची गादी लागते. पोट मोठा झाला तर गादी मऊ. कागद भलतीच लांब उडी मारतो नि आपटतो. पोट लहान झाला तर गादी दगरासारखी, बिचारा हालतच नाय. ज्याच्या अंगाला जेवढी, तेवढीच हवा शिवायची."

हवा शिवायची. त्या दुपारी मी जेवलोच नाही, एवढा आनंद झाला होता.

आता ती मापायची कशी? वूफरसोबत कागद यायचा, त्यावर लीटर लिहिलेले असायचे. सेठ चष्मा लावून वाचायचा, "तीस लीटर बोलता है." सरळ चौकोनी पेटी असेल तर पट्टी लावून हिशेब होईल. पण गाडीतली पेटी कुठली सरळ! मागं सीटसाठी तिरकी, खाली चाकासाठी कोपरा कापलेला, आत आधाराच्या पट्ट्या. नाना हिशेबाच्या फंदात पडायचेच नाहीत. घरची भात मोजायची जुनी लाकडी पायली त्यांनी दुकानात आणून ठेवली होती. दूधवाल्याच्या मापानं ती एकदा पाण्यानं भरून बघितली होती, तीत पावणेचार लीटर मावत होते. म्हणजे तीस लीटर म्हणजे आठ पायल्या. पेटी तयार झाली की तोंडातून तांदूळ ओतायचा, हलवून कोपऱ्याकोपऱ्यांत बसवायचा, मग सगळा काढून पायलीनं मोजायचा. दाराच्या मागच्या अंगाला खडूनं त्यांचं कोष्टक होतं. दहा इंची, बारा इंची, पायल्या, शेर. इंग्रजी शिकलेले गाडीवाले यायचे आणि ते दार बघून हसायचे. पेटी घेऊन जाताना कुणी हसायचं नाही.

तांदूळ काढला की दुकानात चपला बंद. सेठनंसुद्धा बूट काढायचे. दाणा पायाखाली आला तर नाना उचलून कपाळाला लावायचे आणि मग पोत्यात टाकायचे. त्या पोत्यातला तांदूळ कधी शिजला नाही. लाकडाचा भुसा आणि गोंदाचा वास त्याला एवढा लागला होता की उंदीरसुद्धा तोंड लावत नसत.

बदलापूरचे एक डॉक्टर होते, भले गृहस्थ. त्यांच्या गाडीत पेटीसाठी जागाच होईना. ते म्हणाले, "नाना, स्टेपनी काढून टाका. तेवढ्या जागेत बसवा."

"नाय बसवनार."

"अहो, पण गाडी माझी आहे ना?"

"गारी तुमची, दागतर. पण वांगणीच्या पुढं टायर फुटला तर यो आवाज खाली उतरून पंक्चर काढनार का? नि तिथं कोनी आजारी मानूस तुमची वाट बघत असला तर?" नानांनी पुढच्या सीटखाली आठ इंची लहान वूफर चपट्या पेटीत बसवून दिला. चार दिवसांनी डॉक्टर मुद्दाम येऊन सांगून गेले, की सकाळी दवाखान्याला जाताना गाडीतून उतरावंसं वाटत नाही. नाना म्हणाले, "उतरा, उतरा. पेशंट मरंल." आणि गालातल्या गालात हसत मिश्री लावत बसले.

कौतुक त्यांना करता यायचं नाही. पेटी चांगली झाली की तिच्या डोक्यावर दोनदा थाप. माझ्या अडीच महिन्यांत एकूण तीन थापा पडल्या. मी मोजल्या होत्या.

मग मोरिवलीचं काम आलं. नानांच्या चुलतभावाचा मुलगा जगन, माती-खडीचा ठेकेदार, त्याची नवी जीप. जगनच्या धाकट्या भावाची हळद होती आणि जीप मांडवाच्या तोंडाशी उभी करून तिच्यातूनच गाणी वाजवायची होती. बारा इंची दोन वूफर, मधे फळी घातलेली एक पेटी, प्रत्येकाला तीस लीटर. नाना लग्नघरचे, मांडवाच्या कामात अडकलेले. सेठ मला म्हणाला, "अकेला बना. यही तेरा इम्तिहान है. तीन महीना पूरा हो रहा है ना?"

चार दिवस मी त्या पेटीशिवाय काही बघितलं नाही. अठरा एमएमचा प्लाय, सांधे असे की कागद जाणार नाही. तांदूळ ओतला, काढला, मोजला. एका बाजूला आठ पायल्या. दुसऱ्या बाजूला आठ पायल्या. मी एकट्यानंच पेटीच्या डोक्यावर दोनदा थाप मारून घेतली.

हळदीच्या दिवशी दुपारी जगनच्या जीपमध्ये पेटी चढवली आणि मोरिवली गाठली. मांडव सजला होता, आया-बाया हळद कालवत होत्या. नाना आले, नव्या धोतराचा सोगा खोचलेला. चपला काढल्या. डोळे मिटले. ढोल सुरू झाला. काय तो दणका! मांडवाची झालर हलली, कोंबड्या पळाल्या, जगननं शिट्टी मारली. मी नानांची बोटं बघत होतो.

"वाढव," ते म्हणाले.

जगननं बटण आणखी फिरवलं. आणि ढोलाच्या पोटातून एक बारीक आवाज आला. टक्. परत टक्. वूफर मागं आपटत होता. बोटं जमिनीत रुतली.

"खोल."

मी म्हटलं, "नाना, आठ पायल्या आहेत. देवाशपथ मोजल्यात."

"मग परत मोज. माज्यासमोर."

नाना जाग्यावर मोजून बघतील म्हणून दुकानातनं पेटीबरोबर पायली, तांदळाचं पोतं, गोंद आणि माझी हत्यारंही मी जीपमधून आणली होती. वूफर काढले, तांदूळ भरला, काढून खाली चादरीवर ओतला. मी पायली भरली, दोन्ही ओंजळींनी वर आणखी तांदूळ रचला, छान डोंगरासारखी शीग चढवली आणि म्हटलं, "एक."

नानांनी माझं मनगट धरलं. "ह्ये काय?"

"पायली."

"ह्ये वरचा काय?"

"शीग आहे, नाना."

"कोनी शिकवला तुला?"

कुणी शिकवायचं असतं का ते? आमच्याकडं खळ्यावर शेतकरी सुताराला धान्य द्यायचे ते शिगेच्या पायलीनं. वर्षभर त्यांची औतं आम्ही नीट ठेवायची, खळ्यावर त्यांनी आमचं माप भरायचं. पायलीवरून हात फिरवून जो सपाट माप देई, त्याला माझे वडील तोंडावर काही बोलत नसत. पण पुढच्या वर्षी त्याचा नांगर सगळ्यांत शेवटी दुरुस्त व्हायचा. सपाट माप देणं म्हणजे समोरच्याला भिकारी समजणं. दुकानात नानांच्या हाताखाली मी पेट्या बनवायचो, पण तांदूळ तेच मोजायचे. ही पहिली पेटी मी एकट्यानं मोजली आणि आमच्या घरच्यासारखी, मनापासून, शीग लावून मोजली.

हे सगळं मी त्यांना अडखळत सांगितलं. नाना उकिडवे बसले. मनगट सोडलं नव्हतं.

"आमच्याकरं शीग मालक घ्यायचा," ते म्हणाले. "कूलकायदा येन्याआधी शेत त्याचा, कसायचो आमी. खंडाचा, म्हंजे त्याच्या वाट्याचा भात मोजताना त्याचा मानूस पायलीवर डोंगर करायचा. नि आमाला काय द्यायचा झाला तर वरनं काठी फिरवायचा. माझा बाप उभा राहून त्या डोंगराकरं बघायचा."

त्यांनी मनगट सोडलं.

मग त्यांनी मांडवातली बांबूची एक कामटी उचलून पायलीच्या तोंडावरून सर्रकन फिरवली. डोंगर खाली सांडला. "तुझ्या बापाचा मान, माझ्या बापाची चोरी. हवेला दोनी ठावं नाय, घाट्या. हवा सपाट मोजायची. मोज."

सपाट मोजल्यावर नऊ पायल्या भरल्या. दुसऱ्या बाजूलाही नऊ. आठ शिगांनी मिळून एक अख्खी पायली लपवली होती. वूफरमागं एक पायली जास्तीची हवा, म्हणून गादी मऊ, म्हणून टक्. दिवस कलायच्या आत सेठ यायचा होता. नवी पेटी बनवायला दोन दिवस लागले असते. मला परभणीची गाडी दिसायला लागली. सुमनला काय सांगू? भात मोजता आला नाही म्हणून परत आलो?

"रडतंस कशाला? पोट मोठा झालाय तर पोटात कायतरी घाल."

"काय घालू? दगड घातला तर खुळखुळेल. प्लाय सगळा दुकानात."

"टणक लाकूड चालंल?"

"चालेल. पण एवढं लाकूड…"

ते उठले आणि मला आपल्या घराच्या मागं घेऊन गेले. पडवीत भिंतीला टेकवून नांगर उभा होता. सागाचा. धूळ बसलेली, पण खोड असं घट्ट, की बघूनच कळलं, घडवणारा कुणी जाणता सुतार असणार.

"काप."

मी मागं सरलो. "नाना, माझ्या बापानं आयुष्यभर नांगर जोडले. मी त्याला करवत कशी लावू?"

"वीस वरसा झाली रं शेतावर कंपनी उभी राहून. यो रोज मना इचारतो, कवा जायचा? मी काय सांगू त्याला? आज जाऊ दे कामाला." मग आवाज चढवून, "काप, नायतर बायकोला सांग, पोरीला सांग, की नाना म्हातारा रडत बसला म्हनून मीबी रडत बसलो!"

मी नांगराच्या पाया पडलो. कापायला घेतला. खोडाचे ठोकळे केले, रुमण्याचे, म्हणजे मुठीचे, तुकडे केले. करवत चालत होती तोवर नाना नांगर दोन्ही हातांनी दाबून धरून होते. जनावराला नाल मारताना धरतात तसे. एकेक ठोकळा पेटीच्या आत गोंद लावून, स्क्रूनं आवळून बसवला, मग तांदूळ ओतून बघितला. साडेआठ पायल्या. आणखी एक ठोकळा. सव्वाआठ. आणखी एक. कामटी फिरवायची, मोजायचं. आठ! सपाट, दाणा इकडं नाही, तिकडं नाही, आठ! दुसऱ्या बाजूला हात आपोआप चालले. मला घाम कुठून येतोय आणि डोळ्यांतून काय येतंय ते कळत नव्हतं.

वूफर आवळले. नाना चपला काढायला गेले तर चपला पायात नव्हत्याच, मघापासून ते अनवाणीच फिरत होते. ढोल सुरू झाला.

"वाढव."

वाढवला.

"आनखी."

जगननं बटण शेवटपर्यंत नेलं. आणि देवा, काय सांगू! आवाज मोठा झाला नव्हता, घट्ट झाला होता. प्रत्येक ठोका सुटा, गोल, पिकल्या नारळासारखा! टक् नाही, गुरगुर नाही. नानांची बोटं एकेक करून सुटली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. तसेच उभे राहिले, कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत.

सेठ पांढरा सफारी सूट घालून आला तेव्हा हळद लागायला सुरुवात झाली होती. त्यानं जीपच्या मागं कान नेला, हात लावला, माझ्याकडं बघितलं. "देर क्यों हुआ? सुना कुछ खोला था?"

मी शिगेचं सांगायला तोंड उघडलं. नानांनी माझ्या पायावर पाय दिला, असा की माझी बोटं चेपली. "काय नाय, शेट. पेटीला थोरा जेवायला घातला."

"चंगो," सेठ म्हणाला. सिंधीत चांगलं झालं म्हणायचं असलं की तो एवढंच म्हणायचा. मग खिशातून बेलवलीच्या खोलीची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "कल चिट्ठी डाल घर. बोल, आ जाओ."

शिगेची गोष्ट मी सेठला दोन वर्षांनी सांगितली. तो हसून हसून गल्ल्यावर पडला. नाना त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. पायांनी आधी साथ सोडली, आणि पाय गेल्यावर त्यांना कशातच रस उरला नाही. शेवटी शेवटी खाटेवरचे नाना मी बघितले, खांदाही दिला, पण डोळे मिटले की ते दिसत नाहीत. दिसतात ते त्या संध्याकाळचे.

किल्ली मुठीत धरून मी त्यांना शोधत मांडवात शिरलो. बायांनी त्यांना हळदीनं पिवळंधमक केलं होतं. साठीचा माणूस, धोतराचा सोगा हातात, हालत्या दातांनी हसत, जीपच्या समोर नाचत होता. मी बाहेरूनच ओरडलो, "नाना! सुमनला आणतोय!" त्यांनी उजव्या कानामागं हात धरला. मी परत ओरडलो. माझंच मला ऐकू येईना, एवढा आवाज. मग मी हातांनी सांगितलं. डोक्यावरून पदर घेतला. गुडघ्याएवढी उंची दाखवली. आणि बोटानं खाली जमीन दाखवली, हितं.

त्यांचा नाच थांबला. पिवळ्या चेहऱ्यावरचे ओठ हलले. शब्द पोचला नाही, पण ओठ मला वाचता आले.

"आन."

आणि दोन्ही हात वर करून, जणू काही मी अजून परभणीतच उभा आहे आणि तिथवर दिसायला हवं, असे ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. आन. आन.